शाळेतील हसू आणि परका मुलगा : विनोदी कुमार-कादंबरीच्या परीक्षणाविषयी

मराठी नियतकालिकांत कुमारवाङ्मयाचे परीक्षण बहुधा शेवटच्या पानांवर येते, आणि ते वाचण्यापूर्वीच त्यातील मजकूर वाचकास ठाऊक असतो. भाषा सोपी आहे, चित्रे आकर्षक आहेत, मुद्रण सुबक आहे, मुलांना पुस्तक आवडेल आणि त्यांच्यावर नकळत सुसंस्कार घडतील, एवढे सांगून परीक्षक मोकळा होतो. पुस्तक विनोदी असले तर आणखी एक वाक्य वाढते : लेखकाने मुलांना खळखळून हसविले आहे. मुले कोणाला हसली, का हसली आणि हसून झाल्यावर त्यांच्यातील एखादा मागे एकटा राहिला की काय, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. प्रौढांच्या कादंबरीचे परीक्षण अशा रीतीने कोणी केले असते तर त्यास हसे पत्करावे लागले असते. दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाविषयी मात्र ते चालते, कारण ते पुस्तक गंभीर नाही अशी समजूत आहे.

वस्तुतः या वयाच्या शालेय कादंबरीचा विषय अत्यंत गंभीर आहे. एक मूल एका नव्या वर्गात, नव्या गावात किंवा नव्या वसतिगृहात येते. तेथे आधीच बाकांची वाटणी झालेली असते, डबा खाण्याची टोळकी ठरलेली असतात, टोपणनावे रूढ झालेली असतात आणि मास्तरांच्या सवयींवरील विनोद सर्वांना पाठ असतात. नवागताला यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याला तेथे जागा मिळवावयाची आहे, आणि ती मागून मिळत नाही. प्रौढांच्या जगात माणसाला नोकरी, नाते, पैसा यांपैकी कशाच्या तरी आधारे समाजात शिरता येते. दहा वर्षांच्या मुलाजवळ यांतले काहीही नसते. त्याच्याजवळ असते ते फक्त हसण्याचे व हसविण्याचे सामर्थ्य. म्हणून शालेय कादंबरीत विनोद हा लेखकाने वरून शिंपडलेला मसाला नसतो, कथानकातील व्यवहाराचे चलनच तो असतो. त्याचा हिशेब न करता अशा कादंबरीचे परीक्षण करणे म्हणजे व्यापारी कादंबरीत पैशाचा विचार टाळण्यासारखे आहे.

हा हिशेब करावयाचा तर शब्द आपल्या भाषेतच आहेत. थट्टा, मस्करी, चेष्टा, खोडी, फिरकी, टिंगल, टवाळी, टर हे सारे शब्द कोशात एकमेकांशेजारी बसतात, परंतु शाळेच्या आवारात त्यांच्यात कोसांचे अंतर असते. थट्टेला नाते लागते. ज्याची थट्टा करावयाची त्याने ती मनावर न घेण्याचा अलिखित करार थट्टेपूर्वीच झालेला असतो. टिंगलीला असा करार नसतो. फिरकी घेणाऱ्याला समोरच्याच्या बुद्धीची कसोटी पाहावयाची असते, आणि ज्याची फिरकी घेतली तो पुढच्या वेळी परतफेड करील हे गृहीत असते. टर उडविणाऱ्याला परतफेडीची भीती नसते, कारण तो जमावाच्या बाजूला उभा असतो. एक शब्द मात्र यांहून निराळा आहे, तो म्हणजे 'चिडवणे'. मुले परक्याला सहसा चिडवत नाहीत, ती आपल्यातल्याला चिडवतात. ज्याला कोणीच चिडवत नाही असा मुलगा वर्गात सर्वांत एकाकी असतो, हे शिक्षकांना ठाऊक असते, समीक्षकांना क्वचित. चांगल्या शालेय कादंबरीत नायक टिंगलीकडून चिडवण्याकडे आणि तेथून थट्टेकडे सरकत जातो. हा प्रवास लेखकाला साधला की नाही, हे परीक्षकाने पहिल्या प्रथम पाहावे.

इंग्रजीत या प्रकारची परंपरा दीर्घ आहे. टॉमस ह्यूजची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' १८५७ साली आली. पुढे १९०८ मध्ये सुरू झालेल्या 'मॅग्नेट' साप्ताहिकातून चार्ल्स हॅमिल्टन याने फ्रँक रिचर्ड्स या नावाने ग्रेफ्रायर्स शाळेच्या कथा लिहिल्या. त्या शाळेत हरी जमसेट राम सिंग नावाचा एक हिंदी राजपुत्र आहे. त्याच्या नावातच एक हिंदू, एक पारशी आणि एक शीख अशी तिघांची खिचडी आहे. तो मनाने उमदा आहे, क्रिकेट उत्तम खेळतो, मित्रांसाठी जिवावर उदार होतो, आणि तरीही वर्षानुवर्षे त्याच्या विचित्र इंग्रजीवरच हसू पिकविले जाते. जॉर्ज ऑर्वेलने १९४० साली अशा साप्ताहिकांवर लिहिलेल्या निबंधात त्यांतील ठराविक साच्यांवर, विशेषतः परकीयांच्या चित्रणावर बोट ठेवले होते. ग्रेफ्रायर्सच्या कथा दुष्ट हेतूने लिहिलेल्या नाहीत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. हरी सिंग टोळीत आहे, त्याला कोणी हाकलून देत नाही. परंतु त्याला टोळीत जागा आहे ती कायमचा हास्यविषय म्हणून. त्याने एकदाही इतरांच्या बोलीला हसावे अशी सोय लेखकाने ठेवलेली नाही.

याच्या शेजारी आर. के. नारायण यांची १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'स्वामी अँड फ्रेंड्स' ठेवून पाहावी. पोलीस सुपरिंटेंडेंटचा मुलगा राजम आल्बर्ट मिशन शाळेत येतो. तो नवा आहे, पण दुबळा नाही. त्याचे इंग्रजी चांगले, कपडे चांगले आणि वडिलांचा दरारा मोठा. त्याच्याशी मैत्री जोडण्याच्या नादात स्वामीच आपल्या जुन्या मित्रांना परका होतो आणि ते त्याला राजमची शेपटी म्हणू लागतात. नवागत ज्या दिवशी टोळीत शिरतो त्याच दिवशी टोळीतला कोणीतरी बाहेर पडतो, हे नारायण यांनी अत्यंत हलक्या हाताने दाखविले आहे. 'शेपटी' हा शब्द विनोदी आहे आणि क्रूरही आहे. त्यातील एकही बाजू लेखकाने पुसून टाकलेली नाही. आठ-नऊ दशकांनंतरही ती कादंबरी शिळी झालेली नाही, त्याचे एक कारण येथे असावे.

परक्या मुलाने हसू आपल्या हाती घेण्याचे एक अविस्मरणीय उदाहरण मात्र कादंबरीत नसून आठवणींत आहे, आणि त्याचा धागा जबलपूरपर्यंत पोहोचतो. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट गर्ल्स कॉलेजच्या वसतिगृहात महादेवी वर्मा पाचव्या इयत्तेत असताना सातवीतील सुभद्राकुमारी त्यांच्या खोलीत राहत होत्या. महादेवी चोरून कविता लिहितात हे सुभद्राकुमारींनी हुडकून काढले आणि त्यांना हाताला धरून साऱ्या वसतिगृहात त्याचा डांगोरा पिटला. हे चिडवणे होते आणि तीच मैत्रीची सुरुवातही होती. १९१९ साली सुभद्राकुमारींचा विवाह लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी झाला. पुढे त्यांचे आयुष्य जबलपुरात गेले, आणि १९४८ साली सिवनीजवळ मोटार-अपघातात त्यांचा अंत होईपर्यंत हेच त्यांचे गाव राहिले. सुभद्राकुमारींनी वसतिगृह सोडल्यावर महादेवींच्या खोलीत जी मुलगी आली ती कोल्हापूरची होती. तिचे नाव जेबुन्निसा. ती लुगडे मराठी पद्धतीने नेसत असे आणि तिच्या हिंदीत 'इकडे-तिकडे' सारखे मराठी शब्द सर्रास येत. तेथील एका उस्तानींना हे खटके. त्यांनी एकदा, देशी कावळा असून मराठी बोली बोलतो, अशा आशयाचा टोमणा मारला. जेबुनने कावळा नाकारला नाही. तिने फक्त दुरुस्ती केली, की कावळाच मुळी मराठी आहे आणि म्हणून मराठी बोलतो.

या उत्तरात विनोदाचे सारे शास्त्र आहे. उस्तानींच्या टोमण्याचे बळ या गृहीतावर होते, की मुसलमान मुलीची भाषा मराठी असणे हे सोंग आहे. जेबुनने अपमान तसाच ठेवला आणि त्याच्याखालचे गृहीत काढून घेतले. ती रडली असती तर वर्गाला दया आली असती. ती चिडली असती तर वर्ग हसला असता. ती स्वतः हसली आणि तिने आपली भाषा सोडली नाही. वसतिगृहात सामावून जाण्याकरिता तिला हिंदी शिकावी लागलीच, परंतु महादेवींनाही तिच्यापासून थोडीफार मराठी येऊ लागली. सामावणे असे दोन्ही बाजूंनी होते, आणि जेथे ते एकाच बाजूने होते तेथे कादंबरीकाराने फसवणूक केली आहे असे खुशाल समजावे.

जबलपूरचा उल्लेख येथे केवळ सुभद्राकुमारींपुरता नाही. हे शहर मध्य प्रांताचा भाग होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. न्यायालय, रेल्वे, १९०४ मध्ये उभारलेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले, आणि नर्मदाकाठची मराठी मुले हिंदी भाषिक राज्याची नागरिक झाली. घरी 'आई' आणि वर्गात 'मम्मी' वा 'अम्मा', घरी 'पोळी' आणि डब्यात 'रोटी' अशी दुहेरी जिंदगी ती मुले सहजतेने जगतात. परंतु ही सहजता मिळविण्यापूर्वीचा एक काळ असतो. हिंदी शाळेत शिक्षिकेला सवयीने 'बाई' म्हणून हाक मारणारा मराठी मुलगा पहिल्याच दिवशी हशाचे कारण होतो, कारण ज्या भाषेत तो आला आहे तीत 'बाई' घरी भांडी घासते. मराठीतील शाळा-कथेचा खरा वाचक म्हणून या मुलाचा विचार आपल्याकडे झालेला नाही. पुणे-मुंबईचा मुलगा पुस्तकात आपली शाळा ओळखतो. जबलपूरचा, इंदूरचा किंवा बडोद्याचा मराठी मुलगा पुस्तकात जी शाळा पाहतो ती त्याच्या भाषेतली असते आणि तरीही त्याची नसते.

याच शहरात हरिशंकर परसाई यांचे वास्तव्य होते. 'विकलांग श्रद्धा का दौर' या संग्रहाला १९८२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेले हे व्यंग्यकार १९४३ पासून येथील मॉडेल हायस्कूलमध्ये अध्यापक होते, १९५२ मध्ये त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली, काही वर्षे खाजगी शाळांत काढली आणि १९५७ पासून केवळ लेखणीवर निर्वाह केला. परसाईंच्या लेखनात हसू नेहमी खालून वर जाते, म्हणजे दुबळ्याकडून सत्तेकडे. हा निकष कुमार-कादंबरीस लावण्याचा मोह होतो, आणि काही अंतरापर्यंत तो उपयोगी आहेही : हेडमास्तरांच्या ढोंगावर हसणारे पुस्तक तोतऱ्या मुलावर हसणाऱ्या पुस्तकापेक्षा निःसंशय वरच्या दर्जाचे असते. परंतु शाळेत सत्ता तासातासाला हात बदलते. मधल्या सुट्टीतला दांडगा गणिताच्या तासाला फळ्यापाशी थरथर कापत असतो, आणि त्याची भाकरी हिसकावून घेतलेला मुलगा तेव्हा पहिल्या बाकावर सुरक्षित असतो. म्हणून शाळेतील हसू व्यंग्याच्या सरळ रेषेत बसत नाही. ज्या लेखकाला घंटेबरोबर पालटणारी ही सत्ता दिसते तोच दांडग्या मुलालाही माणूस म्हणून रंगवू शकतो.

मराठी विनोदाला शाळा हा विषय नवा नाही. पु. ल. देशपांडे यांचा 'बिगरी ते मॅट्रिक' आणि 'व्यक्ती आणि वल्ली'तील चितळे मास्तर कोणाला ठाऊक नाहीत? परंतु हे लेखन शाळेकडे मागे वळून पाहणाऱ्या प्रौढाचे आहे. त्यातील हसू स्मरणरंजनाचे आहे, आणि स्मरणात सर्वच छड्या गोड लागतात. ज्याच्या तळहातावर छडीचा वळ अजून ताजा आहे त्याचे हसू निराळे असते. मिलिंद बोकील यांची २००४ मधील 'शाळा' ही कादंबरीही, तिची भाषा नववीतल्या मुलाच्या ओठांवरची असली तरी, प्रौढ वाचकाला उद्देशून आहे. हा दोष नाही, प्रकार निराळा आहे. मात्र परीक्षकांकडून या दोहोंची गल्लत वारंवार होते आणि 'आम्हालाही आमचे बालपण आठवले' हे वाक्य कुमार-पुस्तकाचे प्रशस्तिपत्र म्हणून दिले जाते. अकरा वर्षांच्या वाचकाला परीक्षकाच्या बालपणाशी काय कर्तव्य आहे?

खास मुलांसाठी लिहिणाऱ्यांत ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' हा आजही जिवंत आहे. पुढे दूरदर्शनवरील मालिकेने तो पुन्हा घराघरांत पोहोचला. गोट्या पोरका आहे आणि एका सुखवस्तू कुटुंबाने त्याला आपलासा केला आहे. त्याचे परकेपण शाळेतले नसून घरातले आहे, आणि ताम्हनकरांनी ते इतक्या मायेने मिटविले आहे की कधीकधी ते होते याचाच विसर पडावा. त्यांच्या 'चिंगी'चे नाव मागे पडले ही खेदाची गोष्ट आहे. मुलींच्या शाळेतील मैत्री, रुसवे आणि गट्टी-फू यांचे जग मराठी विनोदाने मुलांच्या जगापेक्षा फार कमी पाहिले आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हे त्यापुढचे पाऊल. भागवतांचा जन्म १९१० साली इंदूरला झाला, त्यांनी ज्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि १९५१ मध्ये 'बालमित्र' मासिक सुरू केले. हा नायक अनुवादकाच्या हातून घडला आहे हे त्याच्या नावावरूनही ओळखू येते. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा, विद्याभवनात शिकावयास आलेला. त्याचे 'फास्टर' हे बिरुद तुलनावाचक आहे. कोणापेक्षा वेगवान ते सांगितलेले नाही. इंग्रजी व्याकरणाचा तास ज्याने नुकताच पार पाडला आहे अशा वर्गानेच हे नाव ठेवावे. मूळ आडनाव आणि नवी इंग्रजी पदवी एकत्र आली आणि खेड्यातील मुलाला शहरात पारपत्र मिळाले. तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढण्याची त्याची लकब ही तर कोणत्याही भाषेत न मोडणारी निशाणी आहे.

तरीही परीक्षकाने येथे एक अडचण नोंदविली पाहिजे. फेणे शाळेत फार काळ टिकत नाही. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'जवानमर्द फास्टर फेणे' ही शीर्षकेच सांगतात की विद्याभवन हे त्याचे निघण्याचे स्थानक आहे, मुक्कामाचे नाही. फुरसुंगीच्या मुलाला पुण्यातल्या मुलांमध्ये काय सोसावे लागले असेल, त्याच्या उच्चारांना कोण हसले असेल, हा प्रश्न त्याच्या पराक्रमापुढे उरत नाही. तो वेगवान आहे, धाडसी आहे, चोर पकडतो, म्हणून तो सर्वांना हवासा वाटतो. साहसकथेच्या दृष्टीने हे रास्तच आहे आणि भागवतांनी साहसकथाच लिहावयाची ठरविली होती. परंतु पुढे अनेकांनी ही युक्ती शाळा-कादंबरीत उचलली : उपेक्षित मुलगा शेवटच्या प्रकरणात सामना जिंकतो किंवा बुडणाऱ्याला वाचवितो आणि वर्ग त्याला डोक्यावर घेतो. ज्याला सामना जिंकता येत नाही त्याने काय करावे? वर्गात असे बरेच असतात, आणि पुस्तक वाचणारा मुलगा बहुधा त्यांच्यापैकी असतो. गुणांच्या मोबदल्यात मैत्री, हा सौदा पुस्तकाने निमूटपणे मान्य केला असेल तर त्यातील विनोद कितीही चुरचुरीत असला तरी ते पुस्तक वाचकाला एकटे टाकते.

प्रकाश नारायण संतांचा लंपन हा कोणताही सामना जिंकत नाही. लंपनच्या पहिल्या कथा 'सत्यकथे'त आल्या. 'वनवास' हा पहिला संग्रह मात्र १९९४ मध्ये निघाला. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि संतांच्या २००३ मधील निधनानंतर 'झुंबर' प्रसिद्ध झाले. या कथा मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत असे म्हटले जाते, आणि ते खरे आहे. पण शाळेतील सामावण्याचा प्रश्न मराठीत इतक्या सूक्ष्मपणे दुसऱ्या कोणी हाताळलेला नाही, म्हणून कुमार-कादंबरीच्या परीक्षकाने त्या वाचलेल्या असाव्यात. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा बेळगावकडच्या सीमाभागातील आहे. त्याच्या कानावर मराठीत मिसळलेली कानडी आहे. त्याला मोजण्याचे वेड आहे, पण त्याचे आकडे अवाढव्य आणि हास्यास्पद असतात. वाचक प्रथम या आकड्यांना हसतो. काही पानांनंतर त्याच्या ध्यानात येते की ज्याला घरापासूनचे अंतर मोजता येत नाही तो मुलगा बाकी सर्व गोष्टी मोजत सुटला आहे. तेथे हसू थांबत नाही, फक्त खाली उतरते. लंपन वर्गात सामावतो तो कर्तबगारीच्या बळावर नव्हे. तो रोज तेथे असतो, इतरांच्या भानगडींत ओढला जातो, त्यांच्या चुकांत वाटेकरी होतो, आणि एके दिवशी तो तेथलाच झालेला असतो. कोणत्या दिवशी, ते त्यालाही सांगता आले नसते. शाळेतील मैत्री अशीच होते.

एक गंमत अशी, की गोट्या, चिंगी, फास्टर, लंपन, आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, ज्याला २०११ चा अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला, हे सारे टोपणनावांनीच ओळखले जातात. मराठी कुमारकथेत मूळ नावाने कोणी मोठा झाला असेल तर तो साने गुरुजींचा श्याम, आणि त्याला हसविण्याचे काम दिलेले नव्हते. टोपणनाव हे टोळीचे प्रवेशपत्र असते. ते कोणी ठेवले, नायकाने ते केव्हा स्वीकारले आणि घरच्यांना ते कळले तेव्हा काय झाले, या तीन जागा शोधल्या की कादंबरीचा सांगाडा हाती येतो. मुलांची नावे मोडून 'या'कारान्त करण्याची मराठीची रीतही येथे पाहावी. गणेशचा गण्या आणि संभाजीचा संभ्या होतो तेव्हा त्यात तुच्छता आणि आपुलकी इतकी एकजीव असते की स्वरावरूनच कोणती किती ते ठरते. घरात लाडाचे नाव निराळे असते, हे मैदानावरचे नाव आहे.

अशी पुस्तके हिंदीत नेताना अनुवादकाची खरी परीक्षा होते, आणि परीक्षकाचीही. 'गुड्डू' किंवा 'पप्पू' यांत पाळण्याचा वास येतो, मैदानाचा नाही. त्यामुळे गण्याला गुड्डू केले की तो एकदम चार वर्षांचा होतो. 'मास्तर'ला जबलपूरकडचा 'मास्साब' हा शब्द फार चपखल बसतो, 'अध्यापक महोदय' मुळीच नाही. 'बाई'चे काय करावयाचे ते वर आलेच आहे. त्या जागी 'बहनजी' लिहावे लागेल, आणि जेथे विनोद त्या शब्दाच्या गैरसमजावरच उभा असेल तेथे 'बाई' तशीच ठेवून वर्गाला हसू द्यावे लागेल.

परंतु याहून कठीण एक शब्द आहे, आणि तो इतका लहान आहे की त्याच्याकडे लक्ष जात नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द आहेत. 'आम्ही नदीवर जाणार आहोत' असे टोळीने नवागताला सांगितले तर ती माहिती असते. 'आपण नदीवर जाणार आहोत' असे सांगितले तर ते आमंत्रण असते, किंबहुना निर्णयच असतो. गुजरातीत हा भेद आहे, तमिळ आणि तेलुगूत आहे. ज्या भाषेत तो आहे तिच्यातील लेखकाला नायकाच्या स्वीकाराचे प्रकरण लिहावयाची गरजच नाही. एक सर्वनाम बदलले की काम झाले. दहा वर्षांचा मराठी वाचक ते सर्वनाम बरोबर ऐकतो, त्याच्या पोटात काहीतरी हलते, आणि ते का हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. या वयाच्या कोणत्याही मराठी शाळा-कादंबरीत टोळीने नायकाला उद्देशून 'आपण' हा शब्द प्रथम कोणत्या पानावर वापरला ते परीक्षकाने शोधावे. तो फार लवकर आला असेल तर लेखकाला परकेपण कळलेले नाही. तो आलाच नसेल आणि तरीही नायक टोळीत असेल, तर लेखकाला मराठी ऐकू येत नाही.

ग्रांथिक हिंदीत दोहोंसाठी 'हम' आहे. 'हम नदी पर जा रहे हैं' या वाक्यात ऐकणारा आत आहे की बाहेर, हे वाक्यावरून कळत नाही. अनुवादकाला मग 'तुम भी चलो' अशी शेपटी जोडावी लागते, आणि शेपटी जोडली की आमंत्रणाची याचना होते. मूळ शब्दाचा सारा डौल त्यात होता की त्याने कोणाला विचारले नाही. मात्र जबलपूरच्या रस्त्यावरील हिंदीत 'अपन' आहे. 'अपन नदी चलेंगे' असे तेथील मुले म्हणतात तेव्हा ऐकणारा आत असतो. मध्य प्रदेशातील बोलीने मराठीच्या शेजारी राहून किंवा स्वतःच्याच जुन्या ठेव्यातून हे सर्वनाम जपले आहे. दिल्लीत वा बनारसला बसून मराठी शाळा-कादंबरीचा अनुवाद करणाऱ्यास जे साधन सहसा सुचणार नाही, ते जबलपूरच्या अनुवादकाच्या कानात जन्मापासून असते. दुहेरी भाषेत वाढलेल्या ज्या मुलाला 'बाई' म्हटल्याबद्दल वर्ग हसला होता, तोच हा अनुवाद उत्तम करू शकेल.

अडचण छापखान्याच्या वाटेवर येते. 'अपन' हा शब्द मानक हिंदीत ग्राम्य किंवा स्थानिक गणला जातो. मुलांच्या पुस्तकात भाषा शुद्ध असावी या सद्हेतूने हस्तलिखित तपासणारा त्याच्यावर रेघ मारतो आणि वर नीटनेटक्या अक्षरात 'हम' लिहितो. पुस्तकातील एकही विनोद त्यामुळे कमी होत नाही, एकही घटना बदलत नाही, चित्रेही तीच राहतात. परीक्षणात 'अनुवाद ओघवता आहे' असे वाक्य येते. आणि मूळ मराठीत बासष्टाव्या पानावर टोळीत शिरलेला मुलगा हिंदीत पुस्तक संपेपर्यंत नदीच्या रस्त्यावर उभाच असतो.